रंधा मारलेली फळी

१० मार्च, मंगळवार

वही लिहायची मला सवय नाही. माझे हात दिवसभर मातीत असतात, कागदाला हात लावला की त्याचा चिखल होतो. भट्टी कधी लावली, किती वेळ चालली, भांड्यांवर झिलई कशी उतरली, कोण येऊन गेलं, हे सगळं मी कामाच्या खोलीच्या दारावर आतल्या बाजूने जाड पेन्सिलीने लिहीत आले. चोवीस वर्षं. पण सध्या दार झाडाखाली आहे आणि भाचा वकील आहे, म्हणून ही वही.

भाचा म्हणाला, "आत्या, रोज लिही. तारीख घालून. काय झालं, कोण काय बोललं, सगळं. पुढे उपयोगी पडतं."

तर काल सोमवारी दुपारी चारच्या सुमाराला शेजारच्या ग्रंथपालांचं झाड माझ्या कामाच्या खोलीवर पडलं. वारा होता, पण फार नव्हता, दोरीवरचे कपडे उडतात एवढाच. मी चहा करायला घरात आले होते, म्हणून आज लिहायला आहे. आधी करकर असा आवाज झाला, मग एकदम धाडकन. मागच्या दारातून बघते तर खोलीच्या जागी सगळा हिरवा पाला. अर्धं छप्पर आत गेलं, भट्टी चेपली, मांडणीवरची सगळी कच्ची भांडी परत माती झाली. चाक तेवढं वाचलं.

ग्रंथपाल पायमोजे घालूनच धावत आले. "बाई, तुम्ही आत नव्हता ना?" तीनदा विचारलं. मी समोर उभी होते तरी विचारत होते. मग फांद्यांमध्ये हात घालून माझी हत्यारं एकेक बाहेर काढत बसले. बोटं सोलली तरी थांबेनात. जाताना म्हणाले, "चूक माझी आहे, बाई. झाड माझं."

हे वाक्य भाच्याला फोनवर सांगितलं तर तो खूश झाला. म्हणाला, "हे जसंच्या तसं लिहून ठेव." ठेवलं.

११ मार्च, बुधवार

भाचा सकाळी येऊन फोटो काढून गेला. ओट्यावर बसून त्याने मला कायदा समजावला. म्हणाला, अशा प्रकरणात दोनच प्रश्न असतात. झाड धोक्याचं झालंय हे मालकाला माहीत होतं का? आणि माहीत असून त्याने काय केलं? माहीत नव्हतं आणि वाऱ्याने पडलं, तर दोष कुणाचाच नाही, ज्याचं नुकसान त्याने सोसायचं. पण माहीत असून तो हातावर हात धरून बसला असेल, तर भरपाई त्याने द्यायची.

माझा विम्याचा हप्ता गेल्या वर्षी भरायचा राहिला. हे भाच्याला सांगताना मान खाली गेली. म्हणजे नुसता वारा म्हटलं तर माझ्या हातात काही नाही. नवी भट्टी नाही तर या वयात मी करू काय? दुसऱ्याच्या दुकानात कप पुसू?

"त्यांना माहीत होतं," मी म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी त्यांनी झाडं बघणारा माणूस बोलावला होता. तो खोडावर लाकडी हातोडा मारून कान लावून ऐकत होता. मी या डोळ्यांनी पाहिलं."

"मग पाडलं का नाही?"

"मला काय माहीत? आळस. नाहीतर चिक्कूपणा."

भाच्याने ते लिहून घेतलं. हातोडावाला माणूस मी खरंच पाहिला होता. खोटं एक अक्षर नाही त्यात. पुढे काय झालं ते नीट आठवत नाही.

१४ मार्च, शनिवार

सुतार आला. झाड कापून बाजूला काढायचं काम ग्रंथपालांनी त्यालाच दिलंय, आणि माझं दार, खिडकी, मांडणी मी त्यालाच दिली. तोंडाची टकळी अखंड. म्हणाला, "बाई, खोड आतून पोकळ आहे. माझा मेव्हणा आत राहील, भाडं नको म्हटलं तर."

मी म्हटलं, बघ, पोकळ होतं. हे पण लिहिलंच पाहिजे. पोकळ होतं.

दुपारी ग्रंथपाल कुंपणाशी आले. हा माणूस जन्मभर लोकांना 'शांतता राखा' सांगून शेवटी स्वतःच शांत झाला. दिवसाला वीस शब्द, त्यातले दहा मांजराशी. आज म्हणाले, "बाई, माझी पुढची खोली रिकामी करतो. तुमचं चाक तिथे ठेवा. नवीन होईपर्यंत."

मला बरं वाटलं. वाटलं, हो म्हणावं. पण भाच्याने बजावलंय की निकाल लागेपर्यंत त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही, मग भरपाई कमी होते. मी म्हणाले, "नको भाऊ, माझं मी बघेन." जरा कोरडंच झालं.

ते जायला वळले आणि परत थांबले. "भांडी आता कुठे वाळवता?"

टोमणा होता का? हा माणूस टोमणे मारणाऱ्यातला नाही. पण मला झोंबलं. मी पाठ फिरवून आत गेले.

१७ मार्च, मंगळवार

भाच्याने अर्ज तयार केला. पालिकेच्या कचेरीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणं मिटवणाऱ्या एक मध्यस्थ बाई बसतात, त्यांच्यापुढे. त्यात लिहिलंय, 'झाड धोकादायक असल्याचे पूर्ण ज्ञान असूनही मालकाने जाणूनबुजून दुर्लक्ष केले.' वाचून मी म्हटलं, जाणूनबुजून जरा जड होतंय. भाचा म्हणाला, "आत्या, अर्जात हलकं काही लिहीत नसतात."

सही केली. माझी सही फार चांगली येते, कपाच्या बुडाखाली हजारदा केलेली.

२२ मार्च, रविवार

ग्रंथपालांची लेक आली. आई गेली तेव्हा ही सात वर्षांची होती. शाळा सुटली की दप्तर टाकून माझ्याकडे. मातीचे बैल, मातीची बदकं. एक बदक भट्टीत फुटलं म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आता दोन दिवसांच्या प्रवासावर राहते, मोठ्या हुद्द्यावर आहे, केसात पांढरं दिसायला लागलंय.

मला वाटलं आल्याबरोबर माझ्याकडे येईल. ती आधी बुंध्याशी जाऊन उभी राहिली. मग माझ्या पडक्या खोलीत आली, वर उघड्या आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, हे झाड पाडायचं कधी ठरलं होतं का? तुम्हाला काही आठवतं?"

"ते तुझ्या बाबांना विचार."

"बाबांना विचारलंय," ती म्हणाली. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग गेली. चहाला थांबली नाही.

लोक मोठे झाले की बदलतात, दुसरं काय.

२३ मार्च, सोमवार

भिंतीपलीकडून ऐकू आलं. कान लावून ऐकत नव्हते. मातीला पाणी मारत होते, भिंत तिथे आहे त्याला मी काय करू? लेक म्हणत होती, "बाबा, तुम्ही आता इथे राहायचं नाही. माझ्याकडे चला. तो निकाल लागू दे, मग मी तुमचं काही ऐकणार नाही."

ते म्हणाले, "हे माझं घर आहे."

"होतं."

मग दार लागलं.

मला कळलं काय चाललंय ते. झाड पोकळ आहे हे माहीत असून बाप विसरला, म्हणजे बापाचं डोकं चालेनासं झालं. एकट्याला ठेवायचं नाही. मध्यस्थ बाईंनी 'दुर्लक्ष' असं कागदावर लिहिलं की लेकीला कारण मिळेल. ते तिकडे कुठल्या तरी नवव्या मजल्यावर मांजराशिवाय खिडकीत बसतील.

अर्ज माझा आहे, पण लेकीने बापाला कुठे ठेवायचं हे मी कोण ठरवणार? तरी दिवसभर हाताला चव नव्हती. चाकावर पाच वाट्या केल्या, पाचही वाकड्या.

२६ मार्च, गुरुवार

सुताराने दार साफ केलं. बाकी काही नाही.

२७ मार्च, शुक्रवार

काल लिहिलं ते खोटं नाही, पण तेवढंच झालं नाही. ही वही भाचा वाचणार म्हणून मी हात आखडला. आज लिहिते. पुढचं पुढे बघू. हे पान फाडताही येईल.

सुताराने ढिगाऱ्यातून दाराच्या फळ्या काढल्या. सहापैकी चार धड होत्या. म्हणाला, नवीन दार यांचंच करतो, लाकूड जुनं आहे, असं आता मिळत नाही. ओल्या फडक्याने माती पुसली तसं माझं लिखाण वर आलं. चोवीस वर्षांचं. आणि हा बाबा ते मोठ्याने वाचायला लागला, शाळेत धडा वाचतात तसं.

"'सहा जून. भट्टी फार तापली. अकरा कप फुटले. माझीच घाई.' बाई, तुम्ही चूक कबूल करता? 'तीन जानेवारी. निळी झिलई जमली. शेजारच्या चिमणीने बदक केलं.'" मी पण हसत होते. मग त्याने पुढची फळी घेतली. "'एकवीस एप्रिल. भट्टी ठीक. ग्रंथपाल आले. झाड पोकळ आहे, पाडायचं म्हणतात. आपल्या बाजूने पाडावं लागेल. नको म्हटलं. सावली जाईल.'"

वाचून त्याने फळी माझ्याकडे वळवली.

अक्षर माझंच. दोन वर्षांपूर्वीचं.

सगळं आठवलं. खरं सांगायचं तर आठवलं असं म्हणणं बरोबर नाही, ते तिथेच होतं, मी त्यावर फडकं टाकून ठेवलं होतं. ते एप्रिलच्या उन्हात टोपी हातात घेऊन आले होते. म्हणाले, बाई, माणूस म्हणतो झाड राहणार नाही. दोरांनी तुमच्या अंगणात उतरवावं लागेल, दोन दिवस छप्पर काढावं लागेल, परत मी बसवून देतो. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "भाऊ, कच्चं भांडं सावलीत वाळलं नाही तर तडकतं. तुमचं झाड गेलं तर माझा धंदा गेला. माझ्या पोटावर पाय देऊन तुम्हाला झाड पाडायचं असेल तर खुशाल पाडा." एवढ्यावर थांबले का? छे. "इतकी वर्षं उभं आहे, तुमच्या-माझ्यानंतरही उभं राहील. तुम्हाला पुस्तकातलं कळतं, झाडातलं काय कळतं?" असं म्हणाले. त्यांनी टोपी घातली आणि गेले. परत कधी विषय काढला नाही.

मी सुताराला म्हटलं, "या फळीवर रंधा मार."

"अहो, असं लिखाण लोक जपून ठेवतात."

"मार म्हटलं ना."

त्याने मारला. चार-सहा हात मारले आणि खाली पिवळं लाकूड निघालं, कोरं. बाकीच्या तीन फळ्या तशाच ठेवल्या. आता सगळ्यात वाईट तीच दिसते, एकटीच गोरी. मी जरा अक्कल चालवली असती तर चारही फळ्यांवर मारायला सांगितला असता. चोरी करायलाही डोकं लागतं.

२ एप्रिल, गुरुवार

आज कचेरीत गेलो. खोलीत एक लांब टेबल, सहा खुर्च्या, पाण्याचा जग, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. मध्यस्थ बाई माझ्याच वयाच्या, चष्मा साखळीला लावलेला. एका बाजूला मी आणि भाचा, समोर ग्रंथपाल आणि लेक. ग्रंथपालांनी वकील आणला नव्हता. इस्त्रीचा शर्ट घातला होता, एक बटण चुकलेलं.

जसं झालं तसं लिहिते.

बाईंनी विचारलं, "झाड पोकळ आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"मग पाडलं का नाही?"

ते हाताकडे बघत राहिले. बोटांवरच्या खपल्या अजून पडल्या नव्हत्या. मला वाटलं, आता सांगतील. वाटलं, सांगा एकदाचं, सुटेन तरी. ते म्हणाले, "राहून गेलं."

बाईंनी माझ्याकडे मान वळवली. "त्यांनी तुमच्याशी कधी झाडाबद्दल बोलणं केलं होतं?"

लेक माझ्याकडे बघत होती. ग्रंथपाल बघत नव्हते, ते पाण्याच्या जगाकडे बघत होते.

मी म्हणाले, "नाही."

एवढं सोपं होतं. पेला टेबलावर ठेवावा तसं ठेवून दिलं. बाईंनी लिहून घेतलं. भाच्याने टेबलाखालून माझ्या हातावर थोपटलं, शाबासकी म्हणून. पुढची तारीख नऊ. त्या दिवशी निकाल लिहून देणार.

बाहेर आल्यावर जिन्यात ग्रंथपाल बाजूला झाले आणि मला आधी जाऊ दिलं.

५ एप्रिल, रविवार

तीन दिवस कुणाशी बोलले नाही. भाच्याचा फोन घेतला नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तर घास गिळवेना झालाय.

काम करून बघितलं. चाक अंगणात ओढून घेतलं, बारा कप केले, चांगले झाले. फळीवर मांडले. डोक्यावर झाड नाही, ऊन सरळ खाली. दुपारपर्यंत बाराही तडकले, कानापासून तळापर्यंत. त्यांनी विचारलं होतं, भांडी आता कुठे वाळवता? टोमणा नव्हता तो. या माणसाला दोन वर्षांनी, झाड पडल्यावरसुद्धा, माझ्या भांड्यांना सावली लागते एवढं लक्षात होतं. आणि मी त्याला कचेरीत विसरभोळा ठरवून आले.

मी स्वतःशी बरंच काही बोलून पाहिलं. झाड त्यांचं होतं. मी नको म्हटलं म्हणून त्यांनी ऐकलंच पाहिजे असं कुठे होतं? पत्र पाठवायचं, पालिकेत जायचं, हट्ट धरायचा. शहाण्या माणसाने शेजारणीच्या तोंडाळपणापुढे का नमावं? हे सगळं भाचा फार छान मांडेल. खरंही असेल. पण मला विचारलं होतं ते हे नव्हतंच. मला विचारलं होतं, बोलणं झालं होतं का? त्याला एकच उत्तर होतं.

मला माझी लाज वाटते. हे याआधी कधी लिहिलं नाही, दारावर पण नाही. अकरा कप फुटले तर 'माझीच घाई' असं लिहायला काय जातं? कपांना लेक नसते.

७ एप्रिल, मंगळवार

त्यांच्याकडे दोनदा गेले. पहिल्यांदा फाटकापर्यंत. दुसऱ्यांदा पायरीपर्यंत, तिथे मांजर पायात घोटाळलं, तेवढ्या निमित्ताने परत आले. आत खोकी भरल्याचा आवाज येत होता. चिकटपट्टी फाडल्याचा. लेक रजा वाढवून थांबली आहे.

सुतार नवीन दार बसवून गेला. सरळ बसलंय. ती गोरी फळी मधोमध, तिची रंधा मारलेली बाजू त्याने बाहेर ठेवलीय. म्हणाला, "उन्हाने होईल काळी, बाई. दोन-चार वर्षं लागतील."

९ एप्रिल, गुरुवार

वही पिशवीत घालून घेऊन गेले. भाच्याला सांगितलं नाही.

मध्यस्थ बाई म्हणाल्या, निकाल वाचण्याआधी कुणाला काही सांगायचंय का? भाचा 'नाही' म्हणाला आणि मी 'हो' म्हणाले, दोघं एकदम.

मी उभी राहिले. बोलून सांगायला गेले असते तर मी परत स्वतःला बरं दिसेल असंच सांगितलं असतं, मला मी ओळखते. म्हणून वही उघडली आणि सत्तावीस मार्च वाचून काढला. सगळा. टोपी, पोटावर पाय, पुस्तकातलं कळतं, झाडातलं काय कळतं, रंधा, सगळं. मग दोन एप्रिल वाचला. 'पेला टेबलावर ठेवावा तसं' इथे थांबून पाणी प्याले.

भाचा पुटपुटला, "आत्या, ही वही मी तुला आपल्या बाजूने लिहायला सांगितली होती."

बाईंनी चष्मा काढला. ग्रंथपालांना विचारलं, "हे खरं आहे?"

ते म्हणाले, "झाड माझं होतं. कुणी नको म्हटलं तर ऐकायचं की नाही, हे ठरवणं माझंच काम होतं. म्हणून राहून गेलं म्हणालो. खोटं नाही ते."

बाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, जणू दोघं मिळून त्यांचा वेळ खायला आलो होतो. त्यांनी लिहिलं ते असं, की धोका दोघांना माहीत होता, थांबवलं अर्जदाराने, तेव्हा अर्जदाराने आपलं नुकसान आपण सोसावं. मी म्हटलं, ठीक. अर्जातला 'दुर्लक्ष' हा शब्द मी खोडायला लावला. त्यांनी तो माझ्यासमोर खोडला. मला वाटलं, चला, भट्टी गेली पण ग्रंथपाल राहिले. आता लेकीकडे कारण उरलं नाही.

जिन्यात लेकीला गाठलं. हात धरला. म्हटलं, "बघ, तुझ्या बाबांचं डोकं शाबूत आहे. ते काही विसरले नव्हते. आता त्यांना इथेच राहू दे."

तिने हात सोडवून घेतला नाही. पण म्हणाली, "मावशी, बाबा विसरले असं मला कधीच वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच दिवशी त्यांनी फोन केला होता. म्हणाले, बाईंना त्रास होतोय, राहू दे झाड. मी भांडले होते त्यांच्याशी."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. बाबांनी शपथ घातली, तू बोलायचं नाही, त्या स्वतः सांगतील. बावीस तारखेला मी तुम्हाला विचारलं, आठवतं? आणि गेल्या गुरुवारी तुम्ही 'नाही' म्हणालात तेव्हा मी समोर बसले होते."

माझाच हात सुटला.

"त्यांना मी झाडामुळे नेत नाहीये. ज्यांच्या शब्दाखातर झाड ठेवलं, त्यांनीच अर्ज केला. अशा शेजारात म्हाताऱ्या माणसाला एकटं कसं ठेवू, तुम्हीच सांगा."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला भांडता आलं असतं.

११ एप्रिल, शनिवार

शेवटी गेले. पायरी चढून आत. पुढची खोली रिकामी होती. मला वाटलं सामान बांधलं म्हणून. पण खाली जमिनीवर जुनं प्लास्टिक अंथरलेलं होतं, चारी कोपऱ्यांना विटा ठेवून. खिडकीशी एक लांब फळी दोन स्टुलांवर टाकलेली. उत्तरेची खिडकी, ऊन येत नाही. चौदा मार्चपासून हे असंच मांडून ठेवलं असणार. माझ्या चाकासाठी.

मी त्यांना म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं. तेव्हाही आणि कचेरीतही."

ते म्हणाले, "हो." आणि मग म्हणाले, "चहा घेता?"

त्यांनी 'असू दे' म्हटलं नाही. तेच बरोबर. 'असू दे' म्हटलं असतं तर मी घरी जाऊन ते वहीत लिहिलं असतं आणि झोपले असते.

चहा झाला. मांजर माझ्या मांडीवर बसलं, त्याला यातलं काही माहीत नाही. मी विचारलं, "तुम्ही तेव्हा कचेरीत का नाही सांगितलं?"

त्यांनी रिकामा कप हातात फिरवला. "तुम्ही चोवीस वर्षं खरं लिहिताय दारावर. मला वाटलं, एवढंही लिहिलेलं असेल. दार साफ झालं की वाचाल आणि याल." कप खाली ठेवून म्हणाले, "सुतार म्हणाला एक फळी नवी करावी लागली. मी विचारलं नाही कुठली."

१२ एप्रिल, रविवार

सकाळी गाडी आली. मांजराला टोपलीत घातलं, ते ओरडत होतं. ग्रंथपालांनी फाटक लावलं, परत उघडलं, परत लावलं. मी कुंपणाच्या अलीकडे उभी होते. लेकीला विचारलं, "परत कधी?"

"बघू," ती म्हणाली. मग खिडकीतून, "मावशी, तब्येतीची काळजी घ्या." परक्या माणसाला म्हणतात तसं.

गाडी गेली. मी मागे आले. खोलीवर निम्मे पत्रे बसलेत, भट्टीच्या जागी नुसता चौकोन. मांडणीवर जाड पेन्सील होती ती घेतली आणि दार ओढून बाहेर उभी राहिले. आजवर आतल्या बाजूने लिहिलं, ते मला एकटीला वाचायला. बाहेरची बाजू ग्रंथपालांच्या फाटकासमोर येते. गिऱ्हाईक पण तिथूनच येतं.

गोऱ्या फळीवर अक्षर चांगलं उठतं.

'२१ एप्रिल, दोन वर्षांपूर्वी. ग्रंथपाल झाड पाडतो म्हणाले. मी पाडू दिलं नाही, सावलीसाठी.

२ एप्रिल. बोलणं झालंच नाही असं मी कचेरीत सांगितलं. ते खोटं.'

सुतार उरलेले पत्रे घेऊन आला होता. त्याने वाचलं, या वेळी मोठ्याने नाही. म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"म्हणू दे."

"पावसाने पुसलं जाईल."

"मग परत लिहीन," मी म्हटलं, आणि त्याला पत्रे कुठे ठेवायचे ते दाखवलं.